बोटं मागं का पडतात? रिदम गेमच्या सरावाबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात आपण म्हटलं होतं की रिदम गेम (गाण्याच्या तालावर येणाऱ्या नोटा बरोबर वेळी दाबायचा खेळ) खेळणाऱ्यांनी सरावाबद्दल काय विचारायचं ते बिनधास्त विचारा, तर सांगली-मिरजेकडनंच इतकी पत्रं आली की सगळी घेणं शक्य नाही. बहुतेकांचं दुखणं एकच, रोज खेळतोय पण पुढं सरकत नाही. पाच पत्रं घेतलीत. पहिल्याला मुद्दाम जास्त जागा दिलीय, कारण बाकीच्यांची निम्मी उत्तरं त्यातच आहेत.

प्रश्न : मी अकरावीत आहे, विश्रामबागला राहतो. लॅपटॉपवर ओसू (माऊसनं नेम धरून तालावर कळ दाबायचा रिदम गेम) खेळतो. चार स्टारचे मॅप (गाण्यावर बसवलेली नोटांची मांडणी, स्टार जास्त तितकी अवघड) जमतात पण पाच स्टारला गेलो आणि स्ट्रीम (सलग भराभर येणाऱ्या नोटांची रांग) आली की बोटं गुंततात, कॉम्बो (न चुकता दाबलेल्या नोटांची साखळी) तुटतो आणि मॅप फेल. मित्र म्हणतात अवघड मॅपच खेळत रहा, आपोआप जमतंय. कॉलेज सुरू झाल्यापासनं तेच करतोय, ॲक्युरसी ८५ टक्क्यांच्या वर जाईना. माझी रिॲक्शनच स्लो आहे का? काय करू सांगा की.

उत्तर : रिॲक्शनचं आधी डोक्यातनं काढून टाक. जरा हिशोब कर. गाणं १८० बीपीएमचं (मिनिटाला १८० बीट) असेल तर एक बीट ३३३ मिलिसेकंदांची, आणि स्ट्रीममध्ये एका बीटला चार नोटा येतात म्हणजे दोन नोटांमध्ये अंतर फक्त ८३ मिलिसेकंद. आता डोळ्यानं काहीतरी बघून बोट हलवायला चांगल्या धडधाकट माणसाला २०० ते २५० मिलिसेकंद लागतातच. म्हणजे तू एक नोट बघून दाबेपर्यंत पुढच्या दोन निघून गेलेल्या असतात. त्यामुळं बघायचं आणि मग दाबायचं असं करून स्ट्रीम जगातला कुठलाच प्लेअर खेळत नाही, खेळूच शकत नाही. चांगला प्लेअर पुढची बीट कुठं पडणार हे आधीच ओळखून असतो आणि बोट त्या हिशोबानं निघालेलं असतं. कर्सर कुठं न्यायचा हे डोळे सांगतात, कधी दाबायचं हे कान सांगतो. तुझ्या पत्रात मॅप आहे, स्टार आहेत, बोटं आहेत, गाण्याबद्दल एक शब्द नाही, आणि मला वाटतं तुझी गाडी तिथंच अडलीय.

म्हणून पहिलं काम हे कर, जो मॅप तुला सारखा फेल करतोय त्याचं गाणं न खेळता ऐक. ओसूच्या एडिटरमध्ये मॅप उघडला की खाली प्लेबॅकचा स्पीड ७५, ५० किंवा २५ टक्के करता येतो. पन्नासवर ठेव, स्ट्रीमचा तुकडा लाव आणि टेबलावर दोन बोटांनी नुसता टॅप कर. स्क्रीनकडं बघूच नको. तिथं तुला कळेल की ती स्ट्रीम ड्रमच्या रोलवर बसवलीय का गिटारवर, कुठल्या बीटला सुरू होते आणि कुठल्या बीटला संपते. बहुतेक पोरांचा घोळ स्ट्रीमच्या मधल्या नोटांत नसतोच, सुरुवातीला आणि शेवटाला असतो. एक नोट उशिरा सुरू झाली की पुढची सगळी रांग सरकते.

दुसरं, ॲक्युरसीच्या आकड्याबरोबर रिझल्ट स्क्रीनवरच्या ग्राफवर माऊस नेऊन बघत जा. तिथं एरर दिसतो, सरासरी किती लवकर आणि किती उशिरा दाबलंस ते, आणि त्याच्याखाली अनस्टेबल रेट. हा अनस्टेबल रेट म्हणजे तुझ्या टायमिंगचा पसारा, मिलिसेकंदातल्या स्टँडर्ड डेव्हिएशनला दहानं गुणलेला आकडा. रेट २०० असेल तर पसारा २० मिलिसेकंदांचा. ओडी (टायमिंग किती काटेकोर हवं ते ठरवणारा आकडा) ८ असलेल्या मॅपला ३०० (एका नोटेचे पूर्ण गुण) मिळायला बीटच्या आधी किंवा नंतर ३२ मिलिसेकंदांच्या आत दाबावं लागतं, मग २०० च्या रेटला साधारण दहातल्या नऊ नोटाच बसणार, तेही सगळे टॅप मधोमध पडत असतील तर. म्हणजे स्पीड वाढवायच्या आधी हा आकडा खाली यायला पाहिजे. आणि बघ, बहुतेक तुझा एरर लवकरच्या बाजूला झुकलेला असेल. माणूस मेट्रोनोमबरोबर टॅप करतो तेव्हासुद्धा साधारणपणे बीटच्या किंचित आधीच टॅप करतो, त्यात पुढं स्ट्रीम दिसली की घाई अजून वाढते. बोटं मागं पडतायत असं तुला वाटतंय, पण माझा अंदाज आहे की ती आधी पुढं पळतात, मग लय सुटते, आणि मग सावरताना मागं पडतात. ग्राफ तुला खरं काय ते सांगेल.

आता मॅप कुठले घ्यायचे. तुझे मित्र अर्धं बरोबर सांगतायत. अवघड मॅप खेळल्यानं डोळ्यांना दाट नोटा वाचायची सवय होते हे खरंय, पण ८५ च्या ॲक्युरसीनं तू रोज चुकीचं टायमिंगच पक्कं करतोयस. हाताला बरोबर-चूक कळत नसतं, जे सारखं केलं ते त्याचं झालं. माझं स्पष्ट मत आहे की बराचसा वेळ अशा मॅपवर घालव जिथं ९५ च्या आसपास ॲक्युरसी येते, आणि शेवटी मन भरायला एखादा अवघड मॅप नो फेल (कितीही चुकलं तरी मॅप बंद पडत नाही तो मोड) लावून खेळ. पाच स्टारचाच मॅप हवा असेल तर हाफ टाइम मोड लाव, त्यानं स्पीड ०.७५ पट होतो, १८० चं गाणं १३५ ला येतं. पण यात एक अडचण आहे जी कुणी सांगत नाही. हाफ टाइमला नोटासुद्धा जास्त वेळ स्क्रीनवर राहतात, एआर (नोट किती आधी दिसायची ते ठरवणारा आकडा) ९ असेल तर नोट ६०० मिलिसेकंद आधी दिसते ती आता ८०० मिलिसेकंद आधी दिसायला लागते आणि स्क्रीनवर गर्दी होते. मग पोरं म्हणतात हाफ टाइम उलट अवघड जातंय आणि सोडून देतात. सोडू नको. ओसूच्या लेझर नावाच्या नव्या व्हर्जनमध्ये हाफ टाइमचा स्पीड आपल्याला हवा तसा सेट करता येतो, तिथं ०.९ पासनं सुरू कर म्हणजे गर्दीचा त्रास होत नाही, आणि वाचायला सवय झाली की खाली ये.

स्ट्रीम एकदम लांब घेऊ नको. पाच नोटांचे छोटे बर्स्ट असलेले मॅप शोध. झेड आणि एक्स या कळांवर आलटून पालटून दाबताना चारातली पहिली नोट नेहमी एकाच बोटावर येते, मग त्या बोटाला किंचित जोर दे, इतकाच की तुला आतल्या आत बीट मोजता येईल. हा जोर म्हणजे तुझी खूण. तीस-चाळीस नोटांची स्ट्रीम असली तरी तुला चाळीस नोटा सांभाळायच्या नसतात, दहा जोर सांभाळायचे असतात. खेळताना मधनंच कोपर ते मनगट एवढा भाग दुसऱ्या हातानं दाबून बघ (गाणं पॉज करून), कडक लागला तर तू बोटानं नाही तर सगळ्या हातानं दाबतोयस, आणि त्या हातानं १८० कधीच होणार नाही.

अजून एक सवय जाऊ दे, मिस झालं की लगेच रिट्राय. त्यानं काय होतं, गाण्याचे पहिले वीस सेकंद तुझे तोंडपाठ होतात आणि शेवटची स्ट्रीम, जी खरी अवघड असते, ती तुझ्या वाट्याला कधी येतच नाही. मॅप पूर्ण खेळ, चुकत चुकत का होईना. आणि सारखा चिडून खेळायला लागलास की बंद कर. हाताच्या हालचालींचं शिकलेलं झोपेत पक्कं होतं, असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय, त्यामुळं रात्री दोनपर्यंत त्याच मॅपवर डोकं आपटण्यापेक्षा वेळेत झोपलास तर सकाळी तोच तुकडा सुटतो.

प्रश्न : मी फोनवर फिग्रॉस आणि सायटस हे रिदम गेम खेळते, नवीन ब्लूटूथ इअरबड घेतले तेव्हापासनं सगळंच उशिरा वाटतंय. आधी जमणारी गाणीपण जमेनात. खेळणं विसरले का काय? (कॉलेज विद्यार्थिनी, माधवनगर)

उत्तर : विसरली नाहीस गं, इअरबडचंच आहे हे. ब्लूटूथवर आवाज आधी पॅक होतो, हवेतनं जातो, तिकडं उघडतो, यात १०० ते २५० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. गाणी ऐकताना कळत नाही, व्हिडिओ बघताना ॲप स्वतःच चित्र थांबवून ॲडजस्ट करतं, पण गेममध्ये तू दाबणारी असतेस, तुला कोण ॲडजस्ट करणार. इअरबडला गेमिंग मोड असेल तर लाव, थोडं कमी होतं, पण खरं सांगायचं तर वायरवाला इअरफोन घे, साधा चालतो. फोनला जॅक नसेल तर टाइप सी वाला मिळतो.

गेममध्ये ऑफसेट किंवा कॅलिब्रेशन असतं, ते केलं तर चालत नाही का, असं तू विचारशील. चालतं पण अर्धंच. ऑफसेटनं गाणं आणि नोटा एकमेकांशी जुळतात, पण आपण टॅप केल्यावर जो टक् आवाज येतो तो तरी ब्लूटूथमधनं उशिराच येणार, आणि तो उशिरा आलेला टक् कानावर पडला की हात आपोआप गडबडतो. म्हणून ब्लूटूथवर खेळायचंच असेल तर टॅपचा आवाज सेटिंगमध्ये जाऊन शून्यावर ने.

कॅलिब्रेशन करताना डोळे मीट, नुसता क्लिक ऐकून टॅप कर. मग ओळखीचं, सोपं गाणं घे आणि लवकर-उशिरा किती झालं ते बघ. सगळ्याच चुका एका बाजूला असतील, म्हणजे सगळं उशिराच किंवा सगळं लवकरच, तर सेटिंग चुकलंय. अर्ध्या इकडं अर्ध्या तिकडं असतील तर सेटिंगला हात लावू नको, तिथं सरावच करायचाय. पोरं रोज ऑफसेट बदलत बसतात आणि मग हाताला एक लय अशी मिळतच नाही.

आणि फोनचा बॅटरी सेव्हर बंद ठेव, बऱ्याच फोनमध्ये तो १२० हर्ट्झची स्क्रीन ६० वर आणतो. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडं बोटांना घाम येऊन स्लाइडच्या नोटा अडकतात, त्याला पातळ कापडाचे फिंगर स्लीव्ह मिळतात. फोन हातात धरून अंगठ्यानं खेळत असशील तर टेबलावर ठेवून तर्जनीनं खेळून बघ, पहिले काही दिवस अवघड जाईल पण पुढच्या लेव्हलला अंगठे पुरत नाहीत.

प्रश्न : आमचा मुलगा सातवीत आहे, मिरजेत तबल्याच्या क्लासला जातो आणि घरी आला की तो जपानी ढोलाचा तायको गेम खेळत बसतो. सर म्हणतात गेमनं हात बिघडेल. तो म्हणतो तबल्यामुळं गेम सुधारतोय. खरं काय? आणि तबल्याचा गेमला खरंच उपयोग होतो का? (एक आई, मिरज)

उत्तर : ताई, दोघांचंही थोडं थोडं खरं आहे. हाताबद्दल सरांचंच ऐका. तबल्यात बोट कुठं आणि कसं पडलं यावर नाद ठरतो, गेममध्ये कसंही दाबलं तरी एकच आवाज येतो, त्यामुळं गेमनं हात तयार होत नाही हे नक्की. रियाजाच्या आधी गेम नको, रियाज झाल्यावर खेळू द्या.

पण लयीबद्दल तुमचा मुलगा बरोबर बोलतोय, आणि त्याला हे स्वतःहून कळलं याचं मला फार कौतुक वाटलं. तायको २००१ पासनं जपानच्या आर्केडमध्ये आहे, लाल नोट म्हणजे ढोलाच्या मध्यावर ‘डोन’, निळी नोट म्हणजे काठावर ‘का’. दोनच बोल. आणि क्लासमध्ये तो काय करतो बघा. सर तबल्याला हात लावू देण्याआधी पढंत करून घेतात ना? तोंडानं धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, हातानं पहिल्या मात्रेला टाळी, पाचवीला टाळी, नवव्या मात्रेला हात उलटा करून खाली, तेराव्याला परत टाळी. तोंड चालू, हात चालू, आणि सोळा मात्रांत आपण कुठं आहोत हे कायम माहीत. रिदम गेमच्या सरावात ही एकच गोष्ट सगळ्यात जास्त उपयोगाची आहे आणि ती बाकीच्या पोरांना कुणी शिकवत नाही. त्याला सांगा, गेममधला जो तुकडा चुकतो तो आधी तोंडानं म्हण, डोन डोन का, डोन का का, असं, हातानं टाळी देत, आधी ठायीत (सावकाश), मग दुगुनीत (दुप्पट वेगात). तोंडातनं नीट निघाला की बोटातनं निघायला वेळ लागत नाही. तोंडातच अडकत असेल तर चूक बोटाची नाहीच.

अजून एका ठिकाणी तबलावाल्यांचा फार फायदा होतो, तिगुनीला. गेममध्ये एका बीटचे चार भाग सारखे येतात पण काही गाण्यांत मधनंच तीन भाग येतात, आणि चाराची सवय लागलेले प्लेअर तिथं हमखास पडतात. १२० बीपीएमला बीट ५०० मिलिसेकंदांची, चार भाग केले तर १२५ चा एक, तीन केले तर १६७ चा. फरक ४२ मिलिसेकंदांचा, वर पहिल्या उत्तरात ३२ मिलिसेकंदांची मर्यादा सांगितली ती बघा, म्हणजे हिशोबात चुकला की पहिल्याच नोटेला ३०० गेलं. दादरा आणि केहरवा हे दोन्ही ताल ज्याच्या हातात बसलेत त्याला सहाची चाल आणि आठची चाल यातला फरक अंगातच कळतो, मोजावा लागत नाही. ओसूमध्येही तायकोचा वेगळा मोड आहे, कॉम्प्युटरवर खेळत असेल तर तिथं मॅप भरपूर मिळतील.

एक लक्ष ठेवा. तबल्यावाली मुलं आवर्तन मनात धरून खेळतात आणि गाणं मध्येच टेंपो बदलतं तेव्हा ती जुन्याच लयीत पुढं जातात. लेहऱ्याची (तबल्याबरोबर सारखी वाजणारी धून) लय ठरलेली असते, गेमच्या गाण्याची नसते. तिथं त्याला कान उघडा ठेवून गाण्याच्या मागं जायला सांगा.

प्रश्न : कुपवाड एमआयडीसीत दिवसभर कॉम्प्युटरवर काम, रात्री घरी येऊन फोर-की मॅनिया (ओसूतला चार कळांचा मोड) खेळतो. आता मनगट दुखतंय, रात्री अंगठा आणि बाजूच्या दोन बोटांना मुंग्या येतात. सराव कमी करू का स्ट्रेचिंग करून चालू ठेवू?

उत्तर : चालू ठेवू नका. दुखणं वेगळं आणि मुंग्या वेगळ्या. अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला रात्री मुंग्या येणं हे मनगटातली नस दाबली जात असल्याचं लक्षण असू शकतं, कार्पल टनेल म्हणतात ते. ऑर्थोच्या डॉक्टरला दाखवा, लांबवू नका, आणि तोपर्यंत गेम पूर्ण बंद. ऑफिसचा कीबोर्डही मनगट वर उचलून न ठेवता, सरळ रेषेत राहील असा ठेवा. डॉक्टरनं परवानगी दिल्यावर परत सुरू कराल तेव्हा सोप्या मॅपनं, दर दोन-तीन गाण्यांना हात खाली सोडून, आणि कळ जितकी दाबायला लागते तितक्याच जोरानं. थांबल्यामुळं कला जात नाही हो, परत आल्यावर थोड्या दिवसांत हात जागेवर येतो, पण नस बिघडली तर कामही गेलं आणि गेमही गेला.

प्रश्न : वय ४९, सांगलीत नोकरी. लेकीचं बघून मलाही खेळावंसं वाटतंय पण ती म्हणते बाबा तुमच्यानं होणार नाही, स्पीड लागतो. या वयात शिकता येईल का आणि कशापासनं सुरू करू? (वाचक, गावभाग)

उत्तर : येईल की! रिॲक्शन वयानं थोडी मंदावते हे खरंय, पण पहिल्या उत्तरात लिहिलंय तसं हा खेळ रिॲक्शनचा नाहीच, अंदाजाचा आहे, आणि लयीचा अंदाज तुम्हाला लेकीपेक्षा जास्त गाणी ऐकून आलेला असणार. गणपतीच्या मिरवणुकीत ताशा सुरू झाला की तुमचा पाय बरोबर बीटवर पडतो ना, मग पाया आहे.

ओसू २००७ पासनं फुकट मिळतो, लेकीच्या कॉम्प्युटरवर असेलच, पण त्यात माऊसचा नेम आणि टायमिंग दोन्ही एकदम शिकावं लागतं, ते सुरुवातीला जड जातं. तायको मोड किंवा चार कळांचा मॅनिया मोड घ्या, तिथं नुसतं टायमिंग आहे. एक ते दोन स्टारचे मॅप, ९० ते १२० बीपीएमच्या आसपासची गाणी. फार हळू गाणंही घेऊ नका, दोन बीटमधलं अंतर जास्त झालं की अंदाज उलट चुकतो. मॅनियात नोटा खाली यायचा स्पीड वेगळा सेट करता येतो, त्यानं गाणं फास्ट होत नाही, फक्त नोटांमधली जागा मोकळी होते. नवीन माणूस तो कमी ठेवतो आणि मग सगळ्या नोटा एकमेकांवर चढलेल्या दिसतात, म्हणून वाचता येईल इतका वाढवा.

रोज रात्री जेवणानंतर पंधरा-वीस मिनिटं पुरे, रविवारी एकदम तीन तास खेळण्यापेक्षा ते जास्त कामाला येतं. पहिला आठवडा स्कोअरकडं बघू नका, एकच गाणं धरा आणि पायानं बीट धरून खेळा. पाय थांबला की समजा लय सुटली, तिथनं परत धरा. आणि लेकीला शेजारी बसवा, तुम्ही लवकर दाबताय का उशिरा हे तिला तुमच्या आधी दिसेल.